तेवीस मणांचा गोळा

प्रत्येक कुटुंबात एक तरी थापाड्या असतो. नसला तर कुटुंबाला तो शोधून काढावा लागतो. कारण दिवाळीच्या चार दिवसांत फराळाच्या ताटांभोवती माणसे जमली की हसायला कोणी तरी हवे असते. आमच्या घरी ही सोय भाऊकाकांनी केली होती. निदान आम्हां सर्वांची तशी पक्की समजूत होती.

भाऊकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून दर्यावर गेलेली माणसे पुष्कळ. कोणी गलबतावर, कोणी मुंबईच्या गोदीत, कोणी आगबोटीवर. भाऊकाका लढाईच्या दिवसांत इंग्रजांच्या हिंदी आरमारात भरती झाले. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईला नाविकांचे बंड झाले आणि त्याच उन्हाळ्यात काका डोक्यावर एक पत्र्याची ट्रंक घेऊन पायवाटेने घरी आले. हे मी ऐकलेले. माझा जन्म त्यानंतरचा. मधल्या काळात काय घडले ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. ट्रंकेत दोन सदरे आणि एक चाकू होता. बिल्ला नव्हता, दाखला नव्हता, पेन्शनचा कागद नव्हता. डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. आरमारातल्या नोकरीचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी काय उरले होते, तर एक बहिरा कान आणि काही गोष्टी. बहिऱ्या कानावर कोणाचा आक्षेप नव्हता. गोष्टींवर होता.

त्यात आणखी एक गंमत होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही पोरे फटाक्यांच्या माळा लावू लागलो की हा समुद्रावर लढून आलेला वीर उठून मुकाट्याने गोठ्यात जाऊन बसे. फटाके संपेपर्यंत बाहेर येत नसे. "तोफांना न भिणारे काका लवंगीला भितात!" म्हणून आम्ही टाळ्या पिटत असू. आजी म्हणे, "मेल्यांनो, तो गुरांसाठी जातो. गुरं बुजतात." पण आजी आपल्या मुलाची बाजू घेणारच, असे आम्ही धरून चाललो होतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

१९५८ च्या दिवाळीतली पाडव्याची संध्याकाळ. गुरांची पूजा होऊन गेली होती, ओटीवर बत्ती टांगलेली होती, आणि गावातली पाचपंचवीस माणसे सुपारी कातरीत बसली होती. शाळेचे मास्तर होते. मी सहावीत होतो, वर्गात पहिला होतो, आणि त्याचा मला अजीर्ण होण्याइतका अभिमान होता. कोणी तरी काकांना डिवचले, "काय भाऊ, तुमची ती मोठी तोफ होऊन जाऊ द्या." काका नेहमीप्रमाणे थोडे आढेवेढे घेऊन सुरू झाले.

१९४२ सालच्या मार्चात ते कोलंबोच्या बंदरात होते. त्यांचे जहाज लहान. त्यावरची तोफ चार इंची. "आमची तोफ म्हणजे लवंगी," ते म्हणत. बंदरात इंग्रजांची अजस्र लढाऊ जहाजे येऊन उभी राहिली होती. एकदा काही सामान पोचवायच्या निमित्ताने होडीतून काका त्यांतल्या एका जहाजावर गेले. तिथे गोळे चढवण्याचे काम चालले होते.

"एकेक गोळा उभा केला तर माझ्या छातीला लागेल," काका म्हणाले. "वजन तेवीस मण. छटाक कमी नाही!"

मंडळीत खसखस पिकली. तेवीस मण म्हणजे घरच्या वर्षाच्या भातापेक्षा जास्त. एवढे वजन तोफेतून फेकायचे?

"आणि त्यामागे दारू भरतात ती रेशमाच्या थैल्यांतून."

आता मात्र माजघरातून बायकासुद्धा हसल्या. माझी एक आत्या म्हणाली, "भाऊ, दारूला शालू, आणि आम्हांला मात्र खण!"

काका हसण्यात सामील झाले. त्यांना लोकांच्या हसण्याचा राग येत नसे. ते पुढे म्हणाले, "ती तोफ आपल्या खाडीच्या तोंडाशी उभी केली तर सात कोसांवरचं जहाज बुडवील."

त्याच आठवड्यात मास्तरांनी आम्हांला पृथ्वी गोल असल्याचे पुरावे शिकवले होते. दूर जाणारे जहाज आधी बुडापासून दिसेनासे होते, मग डोलकाठी. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात विचारले, "काका, पृथ्वी गोल आहे. सात कोसांवरचं जहाज दिसणारच नाही. आणि दिसत नाही त्यावर नेम धरणार कसा?"

क्षणभर शांतता झाली. मास्तरांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले. काकांनी तोंड उघडले, पुन्हा मिटले. मग अशी काही हास्याची लाट उसळली की बत्ती हलली. "भाऊला पोरानं पाण्यात बुडवलं!" कोणी तरी ओरडले. काकांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार झालास रे," एवढेच म्हणाले आणि कंदील घेऊन गोठ्याकडे गेले.

त्या दिवसानंतर त्यांनी तोफेची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. गावाने त्यांना 'तेवीसमणी' हे नाव ठेवले, आणि ते त्यांच्या मरणापर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, त्यांच्यामागे राहिले. एवढे खरे की गोठ्यातली त्यांची बैठक वाढली. तिथल्या कुडाच्या भिंतीवर कोळशाने काढलेले एक चित्र पुढे कित्येक वर्षे होते. मोठे वर्तुळ, त्याच्या वरच्या अंगाला दोन काठ्या, आणि काठ्यांच्या टोकांना जोडणारी एक रेघ. आम्ही त्याला बैलाचे तोंड म्हणत असू. दोन शिंगे आणि शिंगांना बांधलेला दोर. आजी तर पाडव्याला खऱ्या बैलांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावी.

मी शिकायला रत्नागिरीला गेलो, मग पुण्याला. गणिताचा शिक्षक झालो आणि पस्तीस वर्षे मुलांना "प्रश्न विचारायला लाजू नका" असे सांगत राहिलो. उदाहरण म्हणून मनातल्या मनात मी स्वतःलाच उभे करीत असे.

मुलगी लंडनला असते. मागे तिच्याकडे राहायला गेलो असताना बारा वर्षांच्या नातवाने हट्ट धरला की आजोबांना इम्पीरियल वॉर म्युझियम दाखवायचे. मला युद्धाच्या संग्रहालयाची फारशी हौस नव्हती. पण या वयात नातवाचा हट्ट हीच आपली हौस असते.

ही इमारत मोठी मजेशीर आहे. पूर्वी इथे वेड्यांचे इस्पितळ होते, प्रसिद्ध बेथलेम. इंग्रजीत गोंधळाला 'बेडलम' म्हणतात तो शब्द याच संस्थेच्या नावावरून आला. १९३० साली इस्पितळ दुसरीकडे गेले आणि १९३६ मध्ये युद्धाचे संग्रहालय इथे राहायला आले. या योगायोगावर इंग्रजांनी आजवर किती विनोद केले असतील ते तेच जाणोत. सभोवतालच्या बागेला एका आईचे नाव आहे. लॉर्ड रॉदरमियर यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ ही जागा लोकांना दिली. अशा त्या आईच्या बागेत, वेड्यांच्या जुन्या घरासमोर, दोन तोफा उभ्या आहेत.

मी फाटकातून आत शिरलो आणि थांबलो. तोफ हा शब्द मला मुरूड-जंजिऱ्याच्या बुरुजावर शिकवलेला होता. तिथली कलालबांगडी मी पाहिली होती आणि तिलाच मोठी म्हणत आलो होतो. इथे समोर होत्या त्या तोफा नव्हेतच. पोलादाचे दोन आडवे माड होते. एकेकीची लांबी सोळा मीटरांच्या वर, एकेकीचे वजन शंभर टन, तोंडाचा व्यास पंधरा इंच. एक तोफ 'रॅमिलीज' नावाच्या लढाऊ जहाजावरची. दुसरी आधी 'रेझोल्यूशन' या जहाजावर होती आणि नंतर 'रॉबर्ट्स' या किनाऱ्यावर मारा करणाऱ्या जहाजावर बसवली. १९४४ च्या ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरले तेव्हा ती चालली होती. १९६८ साली या दोघींना इथे आणून ठेवले.

तोफांच्या पुढ्यात त्यांचे गोळेही उभे केलेले आहेत. मी एकाजवळ जाऊन उभा राहिलो. तो माझ्या छातीला लागत होता.

खरे सांगतो, त्या क्षणी मला लंडनच्या उन्हात घाम फुटला.

"याचं वजन किती रे?" मी नातवाला विचारले.

त्याने फोनवर पाहिले. "नाइन्टीन थर्टी-एट पाउंड्स, आजोबा. म्हणजे एट सेव्हन्टी-नाइन किलो."

१,९३८ पौंड. मणाचे ८२ पौंड. शिक्षकाला एवढा भागाकार करायला कागद लागत नाही; पण मी तो तीन वेळा केला. साडेतेवीस मण येत होते. भाऊकाकांनी अर्धा मण कमीच सांगितला होता.

मी तिथल्या बाकावर बसलो. नातवाला वाटले आजोबा दमले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हणालो, "आता एक पाहा. यात दारू कशात भरून घालत?" तो शोधू लागला आणि मी उत्तराची वाट पाहत राहिलो. हे उत्तर मला जवळजवळ ठाऊकच होते.

"सिल्क बॅग्ज," तो म्हणाला. "सिल्क? आजोबा, का?"

त्या 'का'पायी मग मी उरलेले दिवस मुलीच्या घराजवळच्या ग्रंथालयात घालवले. जे समजले ते दिवाळीच्या निवांतपणात वाचकांना सांगायला हरकत नाही. कारण मोठ्या वस्तूंविषयी एक बाळबोध कुतूहल आपल्या सर्वांच्या मनात असतेच.

रेशीम का, तर रेशीम जळून पूर्ण नाहीसे होते. साध्या कापडाची धुमसती चिंधी नळीत मागे राहिली तर पुढच्या वेळी भरताना दारू हातातच पेट घ्यायची. एका बाराला सुमारे १९४ किलो कॉर्डाइट लागे, आणि ते चार रेशमी थैल्यांतून येई. आत्याचा शालू अगदीच अस्थानी नव्हता.

आणि नळी? अशी नळी एका ओतीव तुकड्याची नसते. आतली नळी, तिच्याभोवती मैलोगणती लांबीची पोलादी पट्टीसारखी तार ताणून गुंडाळलेली, आणि त्यावर तापवून चढवलेल्या बाहेरच्या नळ्या. आमच्या गावचा लोहार गाडीच्या चाकाला धाव चढवतो ना, तसेच. लोखंडी धाव लालभडक तापवायची, ती फुगते; चाकावर बसवून पाणी ओतायचे, ती आवळते आणि चाकाला घट्ट मिठी मारते. तोफेला ही मिठी अशासाठी लागते की आतल्या वायूच्या दाबाने नळी फाटू नये. १९१२ ते १९१८ या वर्षांत या जातीच्या १८६ तोफा इंग्रजांनी केल्या. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो, तो त्या खाचांत रुतून गोळ्याला गरगर फिरवतो. भोवऱ्यासारखा फिरणारा गोळा हवेत कोलांट्या खात नाही.

जहाजावर आपल्याला दिसतो तो दोन तोफांचा पोलादी घुमट म्हणजे नुसता कळस. देऊळ सारे खाली. कित्येक मजले खोल, जहाजाच्या पोटात, गोळ्यांची कोठी आणि दारूची कोठी; तिथून पाळण्यांतून सामान वर येई. वर-खाली मिळून कित्येक डझन माणसे एका घुमटाच्या चाकरीत असत, आणि त्यांतल्या बहुतेकांना समुद्र दिसतही नसे. असे करून एक तोफ मिनिटाला दोन गोळे टाकी.

मला चटका लावून गेला तो तोफेच्या आयुष्याचा हिशेब. पुऱ्या दारूचे सुमारे ३३५ बार काढले की नळी आतून झिजून निकामी होई; ती उतरवून दुसरी बसवावी लागे. गोळा नळीतून बाहेर पडायला एका सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो, म्हणजे शंभर टनांच्या या प्रचंड वस्तूचे खरे कामाचे आयुष्य सारे मिळून तेरा-चौदा सेकंद. आपली साधी फुलबाजीसुद्धा त्याहून जास्त वेळ जळते.

आता माझा प्रश्न. दिसत नाही त्यावर नेम कसा धरायचा?

पहिली गोष्ट अशी की माझा पुरावाच अर्धा होता. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज दीड-दोन कोसांवर दिसते हे खरे. पण तीस मीटर उंच डोलकाठीवर चढलेल्या माणसाला ते सुमारे वीस किलोमीटरांवर दिसते. शिवाय समोरच्या जहाजालाही डोलकाठी असते. दोन्ही काठ्यांची टोके एकमेकांना त्याच्या दुपटीइतक्या अंतरावरूनही पाहू शकतात. ज्या गोल पृथ्वीने मी काकांना बुडवले तिनेच मला बुडवले. अकरा वर्षांच्या मुलाला ते समजले नाही हे क्षम्य आहे. पस्तीस वर्षे भूमिती शिकवणाऱ्या माणसाने तो प्रश्न एकदाही पुन्हा तपासला नाही, हे मात्र क्षम्य नाही.

दुसरी गोष्ट, नेम धरणारा माणूस तोफेपाशी नसेच. तो उंच माथ्यावर असे. सर्व तोफांचा नेम एका ठिकाणाहून धरून त्या एकदम उडवण्याची ही पद्धत रूढ करण्यासाठी पर्सी स्कॉट नावाच्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खटपट केली. अंतर मोजणाऱ्या लांबलचक दुर्बिणी वरून आकडे सांगत, आणि ते जहाजाच्या पोटातल्या एका दातेरी चाकांच्या गणितयंत्रात जात. कारण गोळ्याला एवढे अंतर काटायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागते, आणि तेवढ्यात शत्रूचे जहाज पाचशे मीटर पुढे गेलेले असते. तेव्हा जहाज आता जिथे दिसते तिथे नव्हे, तर गोळा पडेल तेव्हा ते जिथे असेल तिथे नेम धरायचा. पाण्याचे उसळलेले खांब पाहून चूक सुधारायची आणि पुन्हा टाकायचे. १९४० च्या ९ जुलैला भूमध्य समुद्रात 'वॉरस्पाइट' या इंग्रज जहाजाने 'जुलिओ चेझारे' या इटालियन जहाजावर सुमारे २६,००० यार्डांवरून गोळा लावला. चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर लागलेल्या सर्वांत लांबच्या नेमांपैकी हा एक. २६,००० यार्ड म्हणजे पावणेपंधरा मैल. दोन मैलांचा कोस धरा. सात कोसांहून थोडे अधिकच. ही 'वॉरस्पाइट' १९४२ च्या मार्चात सिंहलद्वीपच्या पाण्यात आली होती, आणि 'रॅमिलीज' व 'रेझोल्यूशन'ही तिथल्याच ताफ्यात होत्या. काका यांतल्या कोणत्या जहाजावर चढले असतील ते सांगायला आता कोणी नाही. त्यांनी हात लावलेला गोळा याच तोफेचा असेल असे माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकले होते; पण संग्रहालयातली ही नळी १९४१ मध्येच 'रॅमिलीज'वरून उतरवलेली होती. झिजलेल्या नळ्या बदलतात, जहाजाचे नाव तेच राहते.

एवढ्या अचाट सामर्थ्याचे शेवटी काय झाले? उत्तर थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९१६ च्या ३१ मे रोजी जटलंडच्या लढाईत इंग्रजांची तीन मोठी युद्धजहाजे एका दुपारी फुटली. भरभर मारा करण्याच्या घाईत दारूच्या वाटेवरची दारे बंद ठेवण्याची शिस्त ढिली पडली होती. वर लागलेली आग खाली कोठारापर्यंत गेली. प्रत्येक जहाजावर हजाराहून अधिक माणसे गेली. १९४१ च्या २४ मे रोजी 'हूड'वर अशाच पंधरा इंची तोफा होत्या. 'बिस्मार्क'शी गाठ पडली आणि १,४१८ माणसांपैकी तीन वाचली. त्याच वर्षी १० डिसेंबरला 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ही जहाजे मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडवली. ज्या मोठ्या जहाजांचे वर्णन काका करीत, त्यांना जपानी विमानवाहू जहाजे चालून आल्यावर लढाई टाळूनच राहावे लागले. १९४२ च्या ५ एप्रिलला कोलंबोवर बाँब पडले, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर. आणि त्यांतली जुनी, संथ जहाजे पुढे पार आफ्रिकेच्या किनाऱ्याला पाठवण्यात आली. सर्वांत मोठ्या तोफा जपानच्या 'यामातो'च्या. ४६ सेंटिमीटर तोंडाच्या, १,४६० किलोंचा गोळा ४२ किलोमीटर टाकणाऱ्या. शत्रूच्या जहाजांवर त्या झाडण्याची वेळ तिला एकदाच आली, १९४४ च्या ऑक्टोबरात. १९४५ च्या ७ एप्रिलला विमानांनी तिला बुडवले. तीन हजारांच्या आसपास माणसे तिच्याबरोबर गेली.

या साऱ्यात मला आवडलेली हकीकत एकच. १९६० नंतर कॅनडातल्या एका विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या सोळा इंची जहाजी तोफांच्या नळ्या जोडून आकाशाकडे रोखल्या. फार उंचावरचे वारे कसे वाहतात ते पाहायला त्यांतून वर बाण सोडले. १९६६ च्या नोव्हेंबरात अ‍ॅरिझोनातल्या वाळवंटातून उडवलेला बाण १८० किलोमीटर उंच गेला. माणसाला मारण्यासाठी ओतलेल्या तोफेने दिवाळीतल्या बाणाचे काम केले, ते एवढे एकदा.

त्या दिवशी बाकावर बसून मी नातवाला ओटीवरची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?"

"ते आता नाहीत रे."

"मग त्यांच्या घरातल्या कुणाला तरी सांगा ना."

मुलांची तर्कशुद्धता भयंकर असते. मला सबब सापडेना. रात्री गावी ताईला फोन लावला. ताई म्हणजे भाऊकाकांची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तब्येतीची विचारपूस झाली, आंब्याचे झाले, आणि मग मी म्हणालो, "ताई, भाऊकाका खरं सांगत होते. तेवीस मण. आज डोळ्यांनी पाहिलं. रेशमी थैल्याही खऱ्या, सात कोसही खरे."

पलीकडून काही बोलणे येईना. मला वाटले फोन तुटला.

"आम्हांला ठाऊक होतं," ताई म्हणाली. "तू एवढ्या लांब कशाला गेलास पाहायला? गोठ्यात काढून ठेवलं होतं की त्यांनी."

"काय काढून ठेवलं होतं?"

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवाळीनंतर पंधरा दिवस रोज संध्याकाळी मास्तरांकडे जात होते. जहाजावर एक माणूस उंच चढून बसायचा ते त्यांना आठवत होतं, पण पृथ्वी गोल कशी ते मास्तरांकडून समजून घेतलं. मग भिंतीवर कोळशानं काढलं. गोल ती पृथ्वी, दोन काठ्या म्हणजे दोन जहाजांच्या डोलकाठ्या, आणि मधली रेघ म्हणजे नजर. मला दाखवलं होतं."

मी रिसिव्हर धरल्यासारखा तो हातातला फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. बैलाचे तोंड. दोन शिंगे आणि दोर.

"मग मला का नाही दाखवलं त्यांनी?"

"म्हणायचे, त्यानं विचारलं की दाखवीन. तू दर दिवाळीला गोठ्यात यायचास, चित्राकडे बघायचास, आणि हसून जायचास. तू विचारलंच नाहीस."

खरे होते. मी प्रश्न विचारला होता आणि उत्तरासाठी थांबलो नव्हतो. मला उत्तर नको होते. मला मास्तरांची ती कौतुकाची नजर हवी होती, आणि ती मिळाली होती.

"आणि ताई," मी म्हणालो, "फटाक्यांच्या वेळी ते गोठ्यात का जायचे ग? खरंच भ्यायचे?"

"आजी म्हणायची गुरांसाठी. आई म्हणायची तो आवाज त्यांच्या पोटात जायचा. मी एकदा बघितलं होतं, एका हातानं बैलाची पाठ चोळत होते आणि दुसरा हात स्वतःच्या कानावर होता. चांगल्या कानावर." ताई जरा थांबली. "तू कधी येतोस?"

गोठा आता नाही. कुडाची भिंत पडली तेव्हा तिथे चिऱ्याची खोली बांधली, आणि तीत ताईचा नातू मोटारसायकल ठेवतो. यंदा पाडव्याला मी तिथे जाणार आहे. लंडनहून नातूही सुट्टीत येतो आहे. त्याने वहीच्या पानावर ते चित्र माझ्याकडून समजून घेऊन काढले आहे. वर्तुळ, दोन काठ्या आणि मधली रेघ. खाली इंग्रजीत भाऊकाकांचे संपूर्ण नाव लिहिले आहे, आणि आकडा घातला आहे साडेतेवीस. तो कागद खोलीच्या भिंतीवर डकवायचा असे त्याचे ठरले आहे. ताईने फोनवर सांगितले की येताना हळदकुंकू विसरू नका, गावात आता चांगले मिळत नाही.